तळेगावची जनरल मोटर्स: मोठ्या कंपनीतली परमनंट नोकरी कशी गेली

तळेगाव एमआयडीसीतला जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडल्याचं पुणे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. पण ती बातमी तुकड्यातुकड्यांत आली. २०१७ मध्ये कंपनीच्या शेवरोले गाड्यांची विक्री थांबली, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबलं, २०२१ मध्ये ले-ऑफ झाला आणि २०२४ मध्ये जागा ह्युंदाईच्या ताब्यात गेली. मधल्या सात वर्षांत आतल्या माणसांच्या नोकरीचं काय होत गेलं, ते सलग मांडून पाहायला हवं. कारण मावळ, खेड, मुळशी भागातल्या हजारो घरांत आजही तोच हिशेब चालतो: आयटीआय झालेल्या पोराने भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये लगेच लागावं, की मोठ्या कंपनीत परमनंट व्हायच्या आशेने ट्रेनी म्हणून थांबावं? लग्न जुळवतानाही पहिला प्रश्न तोच असतो, परमनंट आहे का?

माझं म्हणणं आधीच सांगतो. मोठी कंपनी नोकरी टिकवून देत नाही. नोकरी गेल्यावर हाती काय पडेल आणि भांडायला किती वेळ मिळेल, एवढंच तिच्यामुळे बदलतं. हा फरक छोटा नाही, काही घरांसाठी तो सगळं काही आहे. पण लोक ज्याला ‘सेफ’ म्हणतात ते हे नव्हे.

कारखाना सुरू झाला सप्टेंबर २००८ मध्ये. क्षमता वर्षाला साधारण १ लाख ६० हजार गाड्यांची. आधी स्पार्क, मग बीट. शेजारीच इंजिनांचा कारखानाही उभा राहिला. गुजरातेत हालोलचा जुना कारखाना होताच, पण तळेगाव नवं होतं, मोठं होतं, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं इथंच काम चालणार असं कुणालाही वाटलं असतं. मुंबई-पुणे रस्ता जवळ, बंदर जवळ, सुटे भाग पुरवणारे चाकणचे वेंडर जवळ.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग इथं येतो. कारखाना सुरू होऊन वर्ष व्हायच्या आत, १ जून २००९ रोजी, अमेरिकेतली जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. शंभर वर्षांची कंपनी, अमेरिकी सरकारच्या पैशावर उभी करावी लागली. तळेगावच्या कामगाराला तेव्हा काय वाटलं असेल याची कल्पना करा. पण तळेगाव बंद पडलं नाही. उलट जानेवारी २०१० मध्ये बीट बाजारात आली आणि लाइनवर काम वाढलं.

आता २०१७ पाहा. त्याआधीच्या २०१६ या वर्षात जनरल मोटर्सने जगभरात सुमारे ९४० कोटी डॉलर निव्वळ नफा कमावला होता. जुलै २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात आणखी १०० कोटी डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं होतं. आणि १८ मे २०१७ रोजी कंपनीने सांगितलं की वर्षाअखेरीस भारतात शेवरोलेची विक्री बंद.

म्हणजे कंपनी बुडाली तेव्हा तळेगाव वाचलं आणि कंपनी भरभराटीला असताना तळेगावची उलटी गिनती सुरू झाली. ताळेबंद चांगला असलेल्या कंपनीत नोकरी पक्की, असं आपण धरून चालतो. इथं ताळेबंद चांगला राहावा म्हणूनच तळेगाव सोडलं गेलं. त्याच काळात कंपनीने युरोपातला ओपेल-व्हॉक्सहॉलचा व्यवसाय फ्रेंच कंपनीला विकला, दक्षिण आफ्रिकेतून पाय काढला, पुढे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातलं होल्डन बंद करायचं ठरवलं आणि थायलंडचा कारखानाही विकायला काढला. जिथं पैसा सुटत नाही तिथून निघायचं, हे एकच धोरण देशामागून देश लागू होत होतं. तळेगावच्या लाइनवर गुणवत्ता कशी आहे, कामगार किती नियमित आहेत, याने त्यात काही फरक पडणार नव्हता. निर्णय डेट्रॉइटला झाला आणि तिथं भारत म्हणजे एक टक्क्याहूनही कमी हिस्सा असलेली बाजारपेठ होती.

विक्री थांबल्याचा पहिला फटका मात्र तळेगावला बसला नाही. तो बसला गावोगावच्या शेवरोले डीलरांच्या माणसांना. शोरूममधले सेल्समन, वर्कशॉपमधले मेकॅनिक, स्पेअर पार्ट्सचा काउंटर सांभाळणारे. त्यांचा मालक छोटा, पण पाटी मोठ्या कंपनीची. डीलरांनी कंपनीकडे भरपाई मागितली, वाद झाले. मेकॅनिकने कुणाकडे मागायची? छोट्या मालकाकडची नोकरी मोठ्या नावाला बांधलेली असली की दोन्हीकडचं वाईट तेवढं वाट्याला येतं. या माणसांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

तळेगावला सांगण्यात आलं की कारखाना निर्यातीसाठी चालू राहील. आकडे पाहिले तर ते पटण्यासारखं होतं. २०१६-१७ मध्ये कंपनीने देशात जेमतेम २६ हजार गाड्या विकल्या होत्या आणि निर्यात सुमारे ७१ हजारांची होती. डाव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या बीट मेक्सिकोला आणि आसपासच्या देशांना जात होत्या. लाइन चालू होती, बस येत होत्या, कॅन्टीन चालू होतं, पगार महिन्याच्या महिन्याला होत होता.

पण नीट पाहिलं तर २०१८ पासून हा कारखाना म्हणजे एकाच गिऱ्हाइकाचं जॉबवर्क करणारं वर्कशॉप झाला होता. एक मॉडेल, मुख्यतः एक बाजारपेठ, आणि ऑर्डर देणारा एकच. भोसरीतला कुठलाही जुना कारखानदार सांगेल की एकाच पार्टीवर चाललेलं शॉप हे उधारीवरचं आयुष्य असतं. तळेगावच्या बाबतीत ते कुणी मोठ्याने म्हटलं नाही, कारण कंपाउंड मोठं होतं आणि गेटवरचं नाव जगप्रसिद्ध होतं.

जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं की कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकणार. कामगारांच्या दृष्टीने ही आशेची बातमी होती. मालक बदलेल, काम राहील. पण १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने नियम बदलला: ज्या देशांची सीमा भारताला लागून आहे तिथून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी सरकारची मंजुरी हवी. दोनच महिन्यांनी लडाखमध्ये गलवानची चकमक झाली. राज्य सरकारने ग्रेट वॉलबरोबर केलेला करार थांबला. मंजुरी आली नाही ती नाहीच. तिकडे जनरल मोटर्सने आपलं वेळापत्रक सोडलं नाही आणि २४ डिसेंबर २०२० रोजी उत्पादन थांबवलं. व्यवहाराची मुदत वाढत राहिली आणि शेवटी ३० जून २०२२ ला तो मोडला. लडाखच्या सीमेवर जे घडलं त्याने मावळातल्या माणसाचा पगार थांबला. अशी जोखीम छोट्या कारखान्याच्या वाट्याला क्वचितच इतकी थेट येते.

१६ एप्रिल २०२१ रोजी १,४१९ कामगारांचा ले-ऑफ झाला. तारीख लक्षात घ्या. दोन दिवस आधी, १४ एप्रिलच्या रात्री, दुसऱ्या लाटेमुळे राज्यभर निर्बंध लागले होते. दुसरीकडे काम शोधायला बाहेर पडायचं म्हटलं तरी रस्ता बंद.

ले-ऑफ म्हणजे काढून टाकणं नव्हे. नाव हजेरीपटावर राहतं, काम नसतं, आणि कायद्याने निम्मी भरपाई मिळते. ऐकायला हे बरं वाटतं. पण निम्मी कशाची, ते जवळून पाहायला हवं. समजा एका ऑपरेटरच्या हातात महिन्याला ४० हजार येतात, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४ हजार, आणि बाकी घरभाडं, प्रवास, शिफ्ट, हजेरीचे भत्ते. ले-ऑफची भरपाई मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी असते. म्हणजे ४० हजारांचे २० नव्हे, १२ हजार होतात. घराचा हप्ता १५ हजारांचा असेल तर तो पहिल्याच महिन्यात चुकतो. शिवाय कायदा म्हणतो की सांगितलेल्या वेळी दिवसातून एकदा कारखान्यात हजर राहायला हवं, नाहीतर भरपाईही नाही. मग दुसरीकडे कायमचं लागायचं कसं? लागलात तर इथला हक्क सुटतो, न लागलात तर १२ हजारांत घर चालवा. कायद्याने दिलेलं संरक्षण माणसाला कसं एका जागी बांधूनही ठेवतं, ते इथं दिसतं.

तरीही मी म्हणेन की हे संरक्षण नसण्यापेक्षा फार मोठं आहे. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ, कामगारकपात आणि कारखानाबंदी या तिन्हींसाठी सरकारची परवानगी लागत असे. बंदीचा अर्ज ९० दिवस आधी करायचा आणि सरकारने ६० दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. परवानगी मिळाली तरी नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यायचा. याच तरतुदींमुळे तळेगावच्या युनियनला कामगार खात्यात आणि न्यायालयात दाद मागता आली, आणि कंपनीला पॅकेज देऊन बोलणी करावी लागली.

वरच्याच ऑपरेटरचा हिशेब पुढे नेऊ. बारा वर्षं नोकरी. ग्रॅच्युइटी: २४ हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे १ लाख ६६ हजार १५४ रुपये. कपातीची भरपाई पूर्ण पगारावर धरली तर अंदाजे २ लाख ४० हजार. ही झाली कायद्याची किमान रक्कम, चार लाखांच्या थोडी वर, शिवाय भविष्य निर्वाह निधी. कंपनी नोकरी सोडण्यासाठी जे सेपरेशन पॅकेज देते ते यावर असतं, आणि ते किती वर असावं हे युनियनच्या ताकदीवर ठरतं. तळेगावात पुष्कळ कामगारांनी पॅकेज घेतलं. काहींनी नाकारलं आणि लढा चालू ठेवला. दोघांनाही मी नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरी आई-वडिलांचं औषधपाणी चालू आहे तो किती वर्षं तारखा बघत बसेल?

मग आली ह्युंदाई. मार्च २०२३ मध्ये प्राथमिक करार, ऑगस्टमध्ये खरेदीचा करार, जानेवारी २०२४ मध्ये ताबा. त्याच जागेत, त्याच शेडमध्ये पुन्हा गाड्या बनणार होत्या. कामगारांची मागणी साधी होती: आम्हाला जुन्या सेवाशर्तींवर घ्या. त्यासाठी ते २०२३ च्या ऑक्टोबरात उपोषणाला बसले.

इथं कायद्याची जी बारीक रेघ आहे ती प्रत्येक कामगाराने समजून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. चालता उद्योग एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर नवा मालक जुन्या कामगारांना सलग नोकरी आणि त्याच शर्ती देऊ शकतो, तसं झालं नाही तर जुन्या मालकाला कपात केल्यासारखी भरपाई द्यावी लागते. कामगारांना घ्याच, अशी सक्ती तिथंही नाही. आणि तळेगावच्या खरेदीत होतं काय? जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री. गाड्यांचा धंदा विकला गेला नाही, मालमत्ता विकली गेली. कागदावर पेंट शॉप होतं, प्रेस होते, पण ती चालवणारी माणसं नव्हती. २०२५ च्या अखेरीस तिथून ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडू लागल्या, कारखान्याच्या दृष्टीने हे पुनरुज्जीवनच. बारा वर्षं तिथं घालवलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र ती दुसऱ्याच कुणाची तरी कंपनी.

आता दुसरी बाजू. भोसरीतलं एक ओळखीचं शॉप डोळ्यासमोर आणतो, नाव नको. दोन सीएनसी, एक व्हीएमसी अशी संगणकावर चालणारी यंत्रं, मागच्या बाजूला जुने लेथ आणि ड्रिल. मालक स्वतः सकाळी मशीनवर ड्रॉइंग घेऊन उभा असतो. हजेरीवर १८ माणसं, बाकीची ठेकेदाराची. १८ च का, हे तिथं काम करणारा प्रत्येक जण जाणतो: २० झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. ग्रॅच्युइटीला १० माणसं पुरतात, पण नियुक्तीपत्रच नसेल तर पाच वर्षं झाली हे सिद्ध कसं करणार? पोराच्या लग्नाला मालक ५० हजारांची उचल विनाव्याज देतो, आणि तोच मालक ऑर्डर नसली की सांगतो, आठ दिवस येऊ नको, फोन करतो. या ‘येऊ नको’ला कायद्यात नाव आहे, पण तिथं कुणी घेत नाही.

मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये अशा शॉपमध्ये काय झालं ते आपण पाहिलं आहे. केंद्राने २९ मार्चला पूर्ण पगार द्या असा आदेश काढला, जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून तडजोड करावी असं सांगितलं. छोट्या शॉपमध्ये आपसात बोलणं म्हणजे मालक बोलणार आणि कामगार ऐकणार. काहींनी अर्धा पगार दिला, काहींनी फक्त रेशन, काहींनी काहीच नाही. तेव्हा मोठ्या कारखान्यातला परमनंट माणूस नक्कीच बऱ्या स्थितीत होता. छोट्याची बाजू घेणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण त्या शॉपमध्ये एक गोष्ट घडते जी मोठ्या लाइनवर घडत नाही. तिथला पोरगा दोन-तीन वर्षांत सेटिंग शिकतो, प्रोग्राम बदलतो, टूल घासतो, मायक्रोमीटर लावून जॉब स्वतः तपासतो, रिजेक्शन का आलं ते मालकाला सांगतो. हे शॉप बंद पडलं तर चार गल्ल्या सोडून त्याला दुसरीकडे काम मिळतं, बहुधा थोड्या जास्त पगारावर. असेंब्ली लाइनवरचा कामगार मात्र वर्षानुवर्षं एकाच स्टेशनवर असू शकतो: डॅशबोर्ड बसवा, चार बोल्ट आवळा, पुढची गाडी. तो त्यात तरबेज होतो, पण ते तरबेजपण त्या लाइनशिवाय कुठंच विकत घेतलं जात नाही. २००९-१० मध्ये विशीत लागलेला मुलगा २०२१ मध्ये तिशी ओलांडून बाहेर येतो, तेव्हा चाकणच्या कंपन्यांना आयटीआयमधून निघालेली अठरा-वीस वर्षांची पोरं ट्रेनी म्हणून हवी असतात, त्याच्या निम्म्या पगारावर. त्याचा जुना पगार हीच त्याची अडचण होऊन बसते. तळेगावच्या या प्रकरणात मला सगळ्यात मोठं नुकसान हे वाटतं, आणि कुठल्याही पॅकेजमध्ये त्याची भरपाई नाही.

मोठ्या गेटच्या आतही सगळे सारखे नसतात, हेही सांगायला हवं. परमनंट कामगाराला युनियन असते, ठेकेदाराच्या माणसाला नसते. हाउसकीपिंग, कॅन्टीन, मालाची चढ-उतार, बसचे ड्रायव्हर यांच्यासाठी उत्पादन थांबलं तो दिवस शेवटचा. मोठ्या कंपनीत कामाला आहे असं घरी सांगणाऱ्यांतले पुष्कळ जण खरं तर छोट्या मालकाकडे, म्हणजे ठेकेदाराकडे, नोकरीला असतात. पगाराच्या स्लिपवर वर कुणाचं नाव छापलंय ते पाहिलं की कळतं.

त्यामुळे कुणी मला विचारलं की मोठी कंपनी धरू की छोटी, तर मी आकार विचारत नाही. माल किती गिऱ्हाइकांना जातो, ते विचारतो. बंद करायचा निर्णय घेणारा माणूस कुठं बसतो आणि हा कारखाना त्याच्यासाठी किती महत्त्वाचा आहे, ते विचारतो. नवं मॉडेल, नवं टूलिंग येतंय का? कारण तळेगावात गाड्या निघत होत्या, पण नवीन काही येत नव्हतं, आणि कारखाना संपत आल्याची याहून स्पष्ट खूण नसते. आणि छोट्या ठिकाणी जाणार असाल तर पहिल्याच महिन्यात नियुक्तीपत्र आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागा. मालक किती प्रेमळ आहे हे त्यानंतर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नियुक्तीपत्र सगळ्यांना द्यायचं आहे आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. छोट्या शॉपमधल्या माणसाचं यात भलं आहे, अंमलबजावणी झाली तर. पण बंदी, कपात आणि ले-ऑफसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली आहे. तळेगावच्या १,४१९ जणांना ज्या कलमांचा आधार घेता आला, तो आधार आता १५०-२०० माणसांच्या वेंडर कारखान्यातल्या कामगाराला उरलेला नाही. चाकण-तळेगाव पट्ट्यात असे मधल्या आकाराचे कारखाने पुष्कळ आहेत, आणि तिथली परमनंट माणसं अजून स्वतःला जुन्या कायद्याखालीच समजतात. युनियनच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यावा.